विमान आपल्याकडे वळतं तेव्हा

रिमोटचं विमान दूर जात असतं तोवर दहा-बारा वर्षांचं पोरही ते मजेत सांभाळतं. खरी परीक्षा परतीला. विमानाचं नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटतं: रिमोटची काडी डावीकडे ढकलावी, तर विमान आपल्या उजव्या हाताला झुकतं. युक्ती सोपी आहे. जो पंख खाली गेलेला दिसेल त्याच बाजूला काडी ढकलायची, जणू त्याला टेकू देतोय.

पहिलं विमान फोमचं, पंख वर बसवलेलं घ्यावं. पंखांची टोकं किंचित उचललेली असली, की काडी सोडल्यावर ते बहुधा आपोआप सावरतं. अर्थात पुरेशी उंची हवी. आपल्या रिमोटला शिकवणाऱ्याचा रिमोट जोडलेला असेल तर उत्तमच. तो बटण दाबून धरेल तोवर ताबा आपला; त्यानं बटण सोडलं, की ताबा पुन्हा त्याच्याकडे.