सायकल रस्त्यात असते तेव्हा कुठल्या स्टँडवर असते?

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र आहे. १९८१ साली पुण्यात सात जणांनी सुरू केलेल्या या कंपनीने इथलं ग्लोबल एज्युकेशन सेंटर २००५ मध्ये उघडलं. २००९ मध्ये उंच खांबांची दुसरी भव्य इमारत उभी राहिली. अभियांत्रिकी संपवून आलेली मुलं इथे काही महिने राहून शिकतात आणि मग पुणे, हैदराबाद, चेन्नईला कामावर रुजू होतात. त्यांत सांगली, लातूर, अमरावतीची मुलं पुष्कळ भेटतात. मी मिरजेची. माझे वर्ग हेब्बाळमध्येच चालतात आणि विषय सॉफ्टवेअर डिझाइन.

हा विषय फळ्यावर शिकवून येत नाही, असं माझं ठाम मत आहे. कोड लिहिणं म्हणजे संगणकाला पायरीपायरीने काम सांगणं. डिझाइन त्याच्या आधी येतं. प्रोग्रॅमचे भाग कुठले, कुठल्या भागाला काय माहीत असावं आणि त्याहून महत्त्वाचं, काय माहीत नसावं, हे तिथे ठरतं. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एका निबंधात ही गोष्ट नेमकी मांडली: पुढे बदलण्याची शक्यता आहे असा प्रत्येक निर्णय एकाच भागात बंद करून ठेवा, बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू देऊ नका. मुलं हे पाठ करतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं करतात.

एका गटाचं उदाहरण सांगते. आवारात फिरायला सायकली असतात. एका स्टँडवरून घ्यायची, दुसऱ्या स्टँडवर लावायची. चार जणांनी याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम प्रकल्प म्हणून घेतला. आराखडा दिसायला नेटका होता. प्रत्येक सायकलीला एक क्रमांक, क्रमांकाचे पहिले दोन आकडे मूळ स्टँडचे, आणि ‘सध्याचा स्टँड’ नावाचा रकाना, तो रिकामा ठेवता येणार नाही असा. कोड लिहायच्या आधी आराखडा दुसऱ्या गटाकडे गेला. त्यातली एक ओडिया मुलगी बराच वेळ कागद बघत होती. मग तिने विचारलं, “सायकल रस्त्यात असते तेव्हा ती कुठल्या स्टँडवर असते?”

उत्तर तयार होतं. त्यांनी यादीत ‘रस्ता’ नावाचा खोटा स्टँड घातला होता. पण रात्री स्टँडवरच्या सायकली मोजणारा भाग या रस्त्यालाही स्टँड समजून मोजणार होता. दुरुस्तीला गेलेल्या सायकलीसाठी आणखी एक खोटा स्टँड लागणार होता. आणि जुना स्टँड बंद होऊन त्याच्या सायकली दुसरीकडे गेल्या, की क्रमांकाचे पहिले दोन आकडे खोटे ठरणार होते. ते आकडे तिघांच्या भागांत तीन ठिकाणी वापरलेले. पार्नास यांचं म्हणणं त्या टेबलापाशी चौघांना पटलं. मी तोंड उघडलंही नव्हतं. दोन दिवसांनी नवा आराखडा आला. त्यात सायकलीच्या जागेऐवजी फेरीची नोंद होती: कोणी घेतली, कुठून, केव्हा, कुठे लावली. फेरी अपुरी असेल तर सायकल वाटेत आहे. क्रमांकातून स्टँडची खूण गेली होती.

हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. पण मी सांगितलं असतं तर त्यांनी ते फक्त उतरवून घेतलं असतं.

दोष दाखवणं आपल्या मुलांना फार जड जातं. शाळेपासून प्रश्न म्हणजे व्हायवा, आणि व्हायवा म्हणजे अडचणीत पकडणं, अशीच सवय. त्यामुळे दुसऱ्याचा आराखडा बघताना ती एक तर “छान आहे” म्हणून मोकळी होतात, नाही तर माणसालाच धारेवर धरतात. म्हणून शिस्त लागते, आणि ती जगात कधीच घालून दिलेली आहे. आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये तपासणीची पद्धत मांडली. बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही. आराखडा ज्याने केला त्याने नाही, तर ज्याला त्यावरून कोड लिहायचा आहे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचा. चुका फक्त शोधायच्या, तिथेच सोडवत बसायचं नाही. आणि सापडलेल्या चुकांवरून कुणाचं मूल्यमापन करायचं नाही. शेवटचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चुकांचे गुण कापले जाणार म्हटलं की मित्र मित्राची चूक झाकणारच.

दुसरा नियम मी अमेरिकेतल्या डिझाइनकारांच्या एका परिषदेतून घेतला. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या परिषदेत लेखकांच्या कार्यशाळेची रीत उचलली गेली: ज्याचं लिखाण चर्चेत आहे त्याने चर्चा संपेपर्यंत गप्प बसायचं, फक्त ऐकायचं. माझ्या वर्गात ही दहा-पंधरा मिनिटं मुलांना असह्य होतात. “मॅडम, त्यांना कळलंच नाहीये!” असं कुणीतरी पुटपुटतंच. कळलं नाही, हेच तर ऐकायचं असतं. आराखडा उद्या कामाला लागेल तेव्हा समजावून सांगायला तो मुलगा शेजारी बसलेला नसेल.

आपल्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. चौघांच्या गटात एक जण कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट टाइप करतो, उरलेले दोघे बाइंडिंग करून आणतात, आणि कामाची पहिली खरी तपासणी होते ती थेट सबमिशनच्या दिवशी. तेव्हा बदलायला काही हातात नसतं. चांगल्या बुद्धीच्या मुलांचं एक वर्ष असं जातं.

यावर उपाय करायला हेब्बाळएवढं आवार लागत नाही. इचलकरंजीच्या, नांदेडच्या कॉलेजातही दोन गट समोरासमोर बसू शकतात. सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, कोडची एकही ओळ लिहिण्याआधी, एका गटाने आपला आराखडा मोठ्या कागदावर काढून दुसऱ्या गटाच्या हाती द्यावा. त्यांनी तो मोठ्याने समजावून सांगावा, काढणाऱ्यांनी गप्प ऐकावं, एकाने प्रश्न टिपून घ्यावेत. गाइड सरांनी खोलीत बसायला हरकत नाही, मात्र गुणांची वही बाहेर ठेवावी. पंधरा दिवसांनी तेच प्रश्न घेऊन पुन्हा बसावं आणि या वेळी कागद दुसऱ्या गटाचा असावा.