छोटी गाडी म्हणजे नेमकी कोणती?

भोपाळला राहणारा माझा एक मामेभाऊ गेल्या वर्षअखेरीस बँकेतून निवृत्त झाला. त्याच्या ७९६ सीसीच्या जुन्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली होती आणि ती विकून नवी घ्यावी, असे घरात ठरले होते. त्याने मला फोन केला. ‘‘दादा, गाडी कोणतीही चालेल, फक्त छोटी हवी आणि तिचा विमा स्वस्त पडायला हवा. आता दर वर्षी तो निवृत्तिवेतनातून भरायचा आहे.’’ धोरणविषयक लेखनात आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर संध्याकाळपर्यंत देता येईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दोन आठवडे गेले, आणि हाती आले ते उत्तर गाडीविषयी कमी व राज्यकारभाराविषयी अधिक सांगणारे होते.

आपल्याकडे मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा, म्हणजे ज्याला सगळे ‘थर्ड पार्टी’ म्हणतात त्याचा. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा जीव घेतला किंवा कुणाला जायबंदी केले, तर त्याची भरपाई यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. मृत्यू वा इजेच्या भरपाईला त्यात कमाल मर्यादा नाही. रक्कम न्यायाधिकरण ठरवते, आणि बळीचे वय, उत्पन्न व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचे गणित कसे मांडायचे हे सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत घालून दिले आहे. या भागाचा दर बाजार ठरवत नाही, सरकार ठरवते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे आणि १ जानेवारी २००७ पासून त्याचे दर मुक्त आहेत.

आधी सरकारी भाग पाहू. जून २०२२ मध्ये अमलात आलेल्या दरपत्रकानुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या मोटारीला ७,८९७ रुपये. नवी गाडी घेणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशामुळे तीन वर्षांचा हप्ता एकदम भरावा लागतो : पहिल्या गटात ६,५२१ रुपये, दुसऱ्यात १०,६४०. वर वस्तू व सेवा कर १८ टक्के. म्हणजे इंजिन हजार सीसीच्या आत ठेवले, तर तीन वर्षांत करासह ४,८६० रुपये वाचतात. मामेभावाला सांगायला हे उत्तर पुरेसे होते. पण या तीन रकान्यांत कोणती गाडी कुठे बसते हे पाहू लागलो आणि तिथेच अडकलो.

हे रकाने आले कुठून, हे समजून घेण्यासाठी ज्यांनी पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचे दिवस पाहिले आहेत त्यांनी थोडे मागे जावे. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, पद्मिनीचे १,०८९ सीसीचे, ॲम्बेसेडरचे १,४८९ सीसीचे. त्या काळात इंजिनाचे घनफळ सांगितले की गाडीचा आकार, वजन, वेग आणि बहुधा मालकाची ऐपतही कळून येई. इंजिनाला टर्बोचार्जर बसू लागला आणि हे नाते तुटले. आज फोक्सवॅगनची व्हर्टस ही साडेचार मीटरहून लांब, ११५ अश्वशक्तीची सेडान ९९९ सीसीच्या इंजिनावर धावते. त्रयस्थ विम्याच्या लेखी ती ऑल्टो के१० च्या रांगेत बसते : दोघींनाही २,०९४ रुपये. त्याच वेळी ३.६५ मीटर लांबीची, १,१९७ सीसीची वॅगनआर घेणारा शिक्षक ३,४१६ रुपये भरतो.

आता हीच जोडी कराच्या खिडकीवर नेऊन पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारी १८ टक्क्यांच्या गटात आल्या. मोठ्या मोटारींना ४० टक्के लागले. चार मीटर आणि १,२०० सीसी ही रेघ २००६ च्या अर्थसंकल्पात उत्पादनशुल्क कमी करताना आखली गेली होती. त्या रेघेने आपल्या मोटार उद्योगाला अक्षरशः आकार दिला. मागचा भाग छाटलेल्या, चार मीटरच्या आत कशाबशा बसवलेल्या सेडान गाड्या हे तिचेच अपत्य. तर या खिडकीवर वॅगनआर छोटी आणि व्हर्टस मोठी. विम्याच्या खिडकीवर व्हर्टस छोटी आणि वॅगनआर मधली. एकाच सरकारने एकाच शब्दाचे दोन अर्थ केले आहेत आणि दोन्ही दरपत्रके राजपत्रात शेजारी शेजारी सुखाने नांदत आहेत.

विजेवरच्या गाड्यांनी तर ही विसंगती उघडीच पाडली. त्यांना सिलिंडर नाही, त्यामुळे घनफळ नाही. मग त्याच दरपत्रकाने त्यांच्यासाठी मोटरच्या शक्तीचे माप घेतले : ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ किलोवॉट २,९०४, त्यापुढे ६,७१२. हे आकडे पेट्रोलच्या तिन्ही दरांतून सरळ १५ टक्के वजा करून काढलेले आहेत. म्हणजे शक्तीवरून गट पाडता येतात, हे सरकारला माहीत आहे आणि मान्यही आहे. हेच माप पेट्रोलला लावले, तर सुमारे ४९ किलोवॉटची ऑल्टो मधल्या गटात जाईल आणि सुमारे ८५ किलोवॉटची व्हर्टस सर्वांत वरच्या गटात. शक्ती हेच जोखमीचे अंतिम माप आहे, असे मला म्हणायचे नाही. गाडी कोण चालवतो, किती चालवतो आणि कोणत्या रस्त्यावर चालवतो, यावर कितीतरी अधिक अवलंबून असते. पण घनफळापेक्षा ते बरे माप आहे, आणि एकाच कागदावर दोन मापे वापरण्याचे समर्थन मला अजून सापडलेले नाही.

मामेभावाला मी तोवर एवढेच कळवले होते की, हजार सीसीच्या आतली घे. मग दुसऱ्या भागाचा हिशेब मांडला आणि आधीचा सल्ला मागे घ्यावा लागला.

स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर मुक्त झाले असले, तरी २००२ च्या जुन्या दरपत्रकाचा सांगाडा अनेक कंपन्यांच्या हिशेबात अजून टिकून आहे. त्यात देशाचे दोन विभाग होते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे ही आठ शहरे ‘अ’ विभागात. बाकीचा सगळा भारत ‘ब’ विभागात. भोपाळच्या माणसाला हजार सीसीपर्यंतच्या नव्या गाडीसाठी विमाकृत मूल्याच्या ३.०३९ टक्के दर, पुण्याच्या माणसाला ३.१२७ टक्के. पाच लाखांच्या मूल्यावर हा फरक अवघा ४४० रुपयांचा. इंजिनाचा गट बदलला तरी फरक असाच किरकोळ. खरा फरक पडतो तो नो क्लेम बोनसने. सलग पाच वर्षे दावा केला नाही, तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुन्या दराने पाच लाखांवर १५,१९५ रुपये होतात. त्यातले ७,५९७ एका फटक्यात कमी. त्रयस्थ विम्याच्या दोन गटांतला वर्षाचा फरक १,३२२ रुपयांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कशामागे धावावे ते कळते.

आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचा दाखला घेतला, तर तो नव्या गाडीला लागू होतो. माझ्या मामेभावाने सात वर्षांत एकही दावा केला नव्हता. ज्या शोरूममध्ये तो गाडी पाहायला गेला, तिथल्या विक्रेत्याने त्याला यातले काही सांगितले नाही. उलट ‘विमा स्वस्त हवा ना, मग गाडीचे मूल्य थोडे कमी दाखवू’ असा प्रस्ताव ठेवला. ही युक्ती देशभर चालते. विमाकृत मूल्य खाली आणले की हप्ता खाली येतो, आणि गाडी चोरीला गेली की भरपाईही त्याच खालच्या आकड्याची मिळते. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नष्ट झाल्याचे मानतात, तेव्हाही हाच आकडा हाती पडतो. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही, हेही ग्राहकाला सहसा ठाऊक नसते.

येथवर ठीक होते. पण मूळ प्रश्न शिल्लकच होता : दोन सारख्या किमतीच्या छोट्या गाड्यांपैकी कोणती विम्याला स्वस्त? कंपन्यांना याचे उत्तर माहीत आहे. कोणत्या मॉडेलचा बंपर वारंवार बदलावा लागतो, कुणाचा दिवा महाग, कोणती गाडी चोरांच्या आवडीची, याची नोंद प्रत्येक कंपनीच्या दाव्यांत असते आणि तिच्यावरूनच सवलतीचे आकडे ठरतात. हा देशभरचा तपशील एकत्र करण्यासाठी विमा नियामकाने २००९ मध्ये विमा माहिती ब्युरोही स्थापन केला. ग्राहकापर्यंत मात्र यातले काही पोहोचत नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे प्रत्येक मॉडेल १ ते ५० यांपैकी एका विमागटात टाकले जात आले आहे. सुट्या भागांच्या किमती, दुरुस्तीला लागणारे तास, सुरक्षा आणि चोरीपासूनचे संरक्षण पाहून हा गट ठरतो आणि तो जाहीर असतो. तिथला माझ्या मामेभावासारखा माणूस गाडी पाहायला जाण्याआधीच तो आकडा पाहतो. आपल्याकडे नोंदणीचा क्रमांक आणि मोबाइल नंबर दिल्याशिवाय कुणी दर सांगत नाही. आणि दिला की पुढचे दोन महिने फोन थांबत नाहीत.

या गुप्ततेची किंमत केवळ ग्राहकाच्या खिशातून जात नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले आणि प्रौढांच्या सुरक्षेत पाचही शून्य तारे घेऊन परतल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत ऑल्टो के१० ला दोन आणि वॅगनआरला एक तारा मिळाला. टियागोला त्याआधी २०२० मध्ये चार मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही व्यवस्था सुरू आहे. पण सरकारच्याच दरपत्रकात या ताऱ्यांना जागा नाही. चार ताऱ्यांची १,१९९ सीसीची टियागो घेणारा त्रयस्थ विम्यात अधिक भरतो आणि दोन ताऱ्यांची ऑल्टो घेणारा कमी. त्रयस्थ विमा गाडीबाहेरच्या माणसासाठी असतो, त्याचा आतल्यांच्या सुरक्षेशी काय संबंध, असा युक्तिवाद यावर होऊ शकतो आणि तो निराधार नाही. मग निदान पादचाऱ्याला कमी इजा करणाऱ्या गाडीला, आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला त्या दरात स्थान हवे होते. तेही नाही.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. आणि नोंदणी झालेल्या वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहनांना सक्तीचा विमाही नाही. त्यांत दुचाकींचा भरणा मोठा. विम्याविना पकडले गेल्यास पहिल्या वेळी दंड २,००० रुपये, म्हणजे छोट्या मोटारीच्या हप्त्यापेक्षाही कमी. अशा वाहनाखाली सापडलेल्याच्या कुटुंबाला न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, तरी ती मालकाच्या ऐपतीवर लटकते. म्हणून सरसकट दर वाढवा, अशी मागणी मी करणार नाही. विमा कंपन्यांची ती जुनी मागणी आहे आणि तिच्यामागे त्यांच्या तोट्याचे आकडेही आहेत. पण हप्ता वाढला की विमा न काढणाऱ्यांची संख्या वाढते. मागणी त्याहून स्वस्त आहे. पेट्रोल आणि विजेच्या गाड्यांना एकच माप लावावे, आणि विमा माहिती ब्युरोकडे पडून असलेल्या तपशिलावरून मॉडेलनिहाय गट दर वर्षी जाहीर करावेत. दुसऱ्या कामाला नवा कायदा लागणार नाही. नियामकाने २०२२ मध्ये किती अंतर चालवले त्यावर हप्ता ठरवणाऱ्या योजनांना परवानगी दिलीच आहे. जिथे ग्राहकाच्या गाडीचे मीटर वाचण्याची तयारी आहे, तिथे कंपनीची वही थोडी उघडायला हरकत नसावी.

मामेभावाने शेवटी १,१९९ सीसीची गाडी घेतली, पूर्ण मूल्यावर, नो क्लेम बोनसचा दाखला जोडून आणि विमा शोरूमबाहेरून काढून. विक्रेता दोन दिवस नाराज होता. पहिल्या वर्षाचा हप्ता हजार सीसीच्या आतल्या गाडीसाठी शोरूमने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आला, हे त्याने मला फोनवर दोनदा सांगितले. मग विचारले, ‘‘पण दादा, ही गाडी आता छोटी म्हणायची की मधली?’’ मी त्याला विचारले, कोणत्या खात्याला सांगायचे आहे?