मुंबई रक्तगट

मानवी रक्ताचा एक अतिविरळ गट. मुंबईतील विकृतिवैज्ञानिक वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे प्रथम वर्णन केले. त्यावरून हे नाव रूढ झाले.

ए व बी ही प्रतिजने तांबड्या कोशिकांवरील एच या मूळ प्रतिजनापासून तयार होतात. ओ गटात एच तसेच राहते. मुंबई गटात एचच नसते आणि रक्तरसात ए, बी व एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे केवळ कोशिकांची चाचणी केल्यास हे रक्त ओ गटाचे भासते. अशा रुग्णास ओ गटाचे रक्त दिल्यास दात्याच्या कोशिका फुटतात, मूत्रपिंडे निकामी होतात व प्रसंगी मृत्यू ओढवतो.

हा धोका टाळण्यासाठी रुग्णाचा रक्तरस ओ गटाच्या कोशिकांत मिसळून पाहतात. कोशिकांचे पुंजके झाल्यास शंका घ्यावी लागते. यूलेक्स युरोपियस या वनस्पतीच्या बियांच्या अर्काने एचचा अभाव पडताळता येतो.

हा गुणधर्म अप्रभावी असून तो माता व पिता या दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून रुग्णाच्या भावंडांचे रक्त प्रथम तपासतात. भारतात याचे प्रमाण सुमारे १०,००० व्यक्तींत १ असे मानले जाते. या रुग्णांना फक्त मुंबई गटाचेच रक्त चालते. त्यामुळे दात्यांची नोंद ठेवणे, नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचेच रक्त साठविणे, तसेच ग्लिसरॉल मिसळून कोशिका गोठविणे हे उपाय योजतात.