अडीच वर्षांच्या उंचीवरून

चर्चमधली चित्रं निरक्षरांसाठी असतात, हा विचार जुना आहे. सन 600च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी मार्सेयच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात तो मांडला होता. पण निरक्षर डोळा भिंतीवर नेमकं काय पाहतो? आल्प्समधल्या फिन्शगाऊ दरीत अडीच वर्षांच्या नातीबरोबर फिरताना या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळालं.

आडिजे नदीची ही जर्मनभाषक दरी पहिल्या महायुद्धानंतर, 1919च्या तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेली. इथल्या नातुर्न्स गावाच्या कडेला संत प्रोकुलसचं चिमुकलं चर्च आहे. आतली सर्वांत जुनी चित्रं मध्ययुगाच्या आरंभीची. त्यांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. दक्षिणेच्या भिंतीवर दोरावर बसलेला एक माणूस दिसतो. वेरोनाच्या तटावरून खाली सोडला जाणारा बिशप प्रोकुलस तो हाच, असा प्रचलित अर्थ आहे. नातीने मात्र पाहताक्षणी सांगितलं, "झोका!" मला हसू आलं, पण स्थानिक लोकही या चित्राला 'झोका घेणारा' असंच म्हणतात. दुसऱ्या भिंतीवर गुरांचा कळप आहे. तिथे ती "हम्मा, हम्मा" करत बराच वेळ रमली. गुरांवर जगणाऱ्या इथल्या शेतकऱ्याची नजरही आधी तिथेच थांबत असेल. कथा नंतर येते, ओळख आधी.

श्लूडर्न्सचा कूरबुर्ग हा गढीवजा किल्ला तेराव्या शतकात कूरच्या बिशपने बांधला. ज्या मात्श सरदारांना वचक बसवण्यासाठी तो उभारला, तो पुढे त्यांच्याच हाती गेला आणि सोळाव्या शतकापासून ट्राप घराण्याकडे आहे. इथल्या शस्त्रागारात एका मात्श सरदाराचं अवाढव्य चिलखत आहे. वजन सुमारे 45 किलो. घालणारा सात फुटांच्या आसपास असावा. नात त्याच्या गुडघ्यालाही जेमतेम पुरली. तिने हळूच विचारलं, "आत कोण आहे?" कुणीच नाही, असं सांगूनही ती माझ्यामागे लपली. रिकामं चिलखतही धाक घालतं. त्याच्या घडणीतला निम्मा हेतू बहुधा हाच होता; वजनाचे आकडे वाचताना तो माझ्या ध्यानात आला नव्हता.

दरीच्या वरच्या टोकाला रेशेन तलाव आहे. पाण्यातून चौदाव्या शतकातला एक मनोरा वर आलेला दिसतो. 1950 साली वीजनिर्मितीसाठी पाणी वाढवलं, तेव्हा ग्राउन गाव बुडालं. दीडशेहून अधिक घरं पाडली गेली. चर्चही पाडलं, मनोरा तेवढा राखला. काठावर लोक त्याच्यासह आपली छायाचित्रं घेत होते. नातीने विचारलं, "घर कुठंय?"

झोका आणि हम्मा तिला कुणी शिकवावे लागले नाहीत. भिंतीवर जे आहे ते चित्र दाखवतं. जे नाहीसं केलं गेलं, ते मात्र कुणीतरी सांगावंच लागतं. तिला कडेवर घेतलं आणि बुडालेल्या गावाची गोष्ट सुरू केली.