शंभर कलम भात

तंजावरास गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात एक भिंत शोधीत असतो. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तेथे मराठीत कोरवून घेतला आहे, आणि परमुलखात आपली अक्षरे बोटाने वाचण्याचे समाधान काही निराळेच असते. मीही तेच केले. पण त्याच देवळात त्याहून आठशे वर्षांनी जुना एक तमिळ लेख आहे आणि मनात राहिला तो हाच.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० च्या सुमारास पुरे केले आणि निरनिराळ्या देवळांतून ४०० नर्तकी आणून तेथे वसविल्या. लेखात प्रत्येकीचे नाव आहे, ती कोठल्या देवळातून आली ते आहे, कोणत्या आळीत तिचे कितवे घर तेही आहे. आणि प्रत्येकीस वर्षाला १०० कलम भात. कलम हे तिकडील धान्याचे माप. वीस वर्षे सरकारी दप्तरात काढल्यामुळे मला अशा याद्यांची गोडी आहे. या यादीत एक रकाना नाही : नर्तकी दिसते कशी, अंगाने केवढी आहे, याची नोंद नाही. त्या स्त्रियांचे जिणे सुखाचे होते असा माझा दावा नाही. नाचणारीने काय खावे याची तरतूद राजाने केली, एवढेच मला तेथे दिसले.

ज्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारी कलावंत होते, त्या बालसरस्वतींवर सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये चित्रपट काढला. तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि अंगाने भरलेल्या. समुद्रकाठी त्या नाचतात, तेव्हा त्यांचे वजन किती, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

श्रोतेहो, आज पडद्यावरच्या नटीला मात्र हाच प्रश्न आधी विचारला जातो. २०२० मध्ये ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही मराठी मालिका सुरू झाली. नाव शाहीर राम जोशींच्या लावणीवरून घेतलेले, पण नायिका लतिका स्थूल, आणि ती अक्षया नाईक यांनी साकारली. त्याच सुमारास, जानेवारी २०२१ मध्ये, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधील वनिता खरात यांनी आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. अंगावर वस्त्र नाही, पुढे धरलेला एक पतंग. आणि आपल्या कलेइतकाच आपल्या देहाचाही आपणास अभिमान आहे, अशा आशयाचे निवेदन. कित्येकांना ते रुचले नाही. मलाही प्रथम संकोच वाटला, हे कबूल करतो. पण संकोच ओसरल्यावर असे वाटले की, जो देह पडद्यावर केवळ हशासाठी आणला जातो, तो तिने हशाशिवाय पाहावयास लावला.

हिंदी चित्रपटांतील रिचा चढ्ढा यांनी २०१६ मध्ये आणखी पुढे जाऊन, आपणास बुलिमिया झाला होता, हे जाहीरपणे सांगितले. या विकारात माणूस भराभर पुष्कळ खातो आणि मग ओकारी काढून ते बाहेर टाकतो. त्याचा थोरला भाऊ अ‍ॅनोरेक्सिया. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्याला हे नाव दिले. हाडे दिसू लागली तरी मुलीला आपण लठ्ठच वाटतो. पाळी थांबते, थंडी सोसत नाही, केस गळतात, हृदयाची गती मंदावते. मानसिक आजारांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक असलेल्यांपैकी हा एक आहे.

हा हट्ट नव्हे, हे कळण्यास एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. ते खिन्न आणि चिडखोर झाले, घासाचे तुकडे करीत ताटावर तास तास बसू लागले, पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले. उपासमारच मनाला वाकविते. म्हणून उपदेशाआधी अन्न पोटात जावे लागते.

आणि पडद्याचा दोष किती? फिजी बेटांच्या नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी १९९५ मध्ये पोहोचली. तेथे भरदार अंग हेच चांगले मानीत. तीन वर्षांनी पाहणी केली, तेव्हा वजनासाठी ओकारी काढणाऱ्या शाळकरी मुली शेकडा ११ हून अधिक निघाल्या. आधी एकही नव्हती.

आपल्या घरांत हा आजार उपवासाआड सहज लपतो. संकष्टी, सोमवार, गुरुवार, असे वार वाढत जातात आणि आजीला नात धार्मिक झाल्याचे कौतुक वाटते. त्यातच लग्नाला जमलेले आप्त ‘केवढी सुटलीस ग’ म्हणूनच बोलण्यास आरंभ करतात. वार वाढले, जेवणानंतर मुलगी लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, उन्हाळ्यातही ढगळ कपडे घालू लागली, की डॉक्टरांना दाखवावे. लहान वयाच्या रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात निघालेली पद्धत तर साधी दिसते : आईबापांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रत्येक जेवणाला मुलीशेजारी बसून, न रागावता, तिला जेवू घालायचे. महिने लागतात. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस, विनामूल्य चालू आहे. मराठीतही बोलता येते, आणि तंजावरच्या मराठी घरांतील मुलींना हवे तर तमिळमध्येही.