यंत्राची मूर्ती आणि चिवराची कड

जुन्या मूर्तीचे मोबाइलवर फोटो काढून संगणकात तिचे थ्रीडी मॉडेल करणे आता आपल्या विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले आहे. औसा तालुक्यातील खरोसा लेणी असोत की देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे, हे काम व्हावे असे मलाही वाटते. मात्र असे मॉडेल कोणी पुरावा म्हणून पुढे केले, तर मी प्रथम त्याचे माप विचारतो.

त्याला कारण आहे. एकाच मूर्तीचे सर्व बाजूंनी पुष्कळ फोटो दिले, की संगणक त्यांतील समान खुणा शोधतो व त्यांवरून उंचसखलपणा काढतो. त्यातून आकार मिळतो, माप मिळत नाही. फोटोत ठराविक लांबीची पट्टी नसेल, तर मूर्ती दोन फुटांची की वीस फुटांची, हे केवळ फोटोंवरून ठरत नाही. दगड गुळगुळीत, चकाकणारा असला किंवा कोपरा अंधारात राहिला, तर खुणा सापडत नाहीत आणि मॉडेलला भोक पडते. पुष्कळदा ते आपोआप बुजवले जाते. पाहणारा त्यालाच मूळ दगड समजतो.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. खरोसा लेणी जांभ्या दगडात खोदलेली आहेत, आणि हा दगड झिजतो. कुठलीही झिजलेली ध्यानस्थ मूर्ती बुद्धाची की तीर्थंकराची, याचा निवाडा कधी कधी छातीवरच्या चिवराच्या कडेवर होतो. ती कड काही मिलिमीटरांची! खडबडीतपणा सपाट करताना यंत्र नेमकी तीच पुसू शकते.

बामियानच्या बुद्धाबाबत हेच घडले. २००१ मध्ये तालिबानने तेथील मूर्ती उडवल्या. पुढे झुरिकच्या ग्रून, रेमोन्दिनो व झांग या अभ्यासकांनी १९७० सालच्या फोटोंवरून मोठ्या मूर्तीचे मॉडेल केले. स्वयंचलित पद्धतीने देह उभा राहिला, पण चिवराच्या बारीक चुण्या निसटल्या. त्या माणसांनाच फोटोंवरून मोजून घ्याव्या लागल्या.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात. एका पट्टीवरून माप ठरवले, तर दुसरी पट्टी तपासणीसाठी ठेवली होती काय? तिच्यात फरक किती आला? बुजवलेला भाग वेगळ्या रंगात दाखवला आहे काय? मूळ फोटोही जपून ठेवावेत, म्हणजे उद्या दुसऱ्याला पडताळा घेता येईल.

ग्रंथप्रामाण्य नाकारणाऱ्यांनी यंत्रप्रामाण्य डोळे मिटून का स्वीकारावे?