गॅस बॉयलर : पाटीवरचे टक्के आणि धुराड्यातली वाफ

कृष्णाकाठी बॉयलर म्हटला की साखर कारखानाच आठवतो. रेठऱ्याचा ‘कृष्णा’ घ्या की सांगलीचा ‘वसंतदादा’, गळीत हंगामात जळतो तो बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड. त्यात निम्मे पाणी. ते उडवण्यातच बरीच उष्णता जाते, म्हणून बगॅसचा बॉयलर साधारण ७० टक्के कार्यक्षमतेवर अडतो.

आता सातारा-सांगलीत पाइपचा गॅस येतो आहे आणि लहानमोठे उद्योजक गॅस बॉयलरची चौकशी करू लागले आहेत. गॅस कोरडा खरा, पण जळताना तोही पाणी तयार करतो. १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते. या वाफेतली उष्णता हिशेबात धरली तर कार्यक्षमता ८४ टक्के, वगळली तर तोच बॉयलर ९३ टक्क्यांचा! पहिला हिशेब ढोबळ उष्मांकाचा, दुसरा निव्वळ उष्मांकाचा. गॅसचे बिल मात्र जळलेल्या सगळ्या गॅसचे येते.

गॅस बॉयलरचे प्रकार मोजकेच. कॉइल बॉयलर काही मिनिटांत वाफ देतो, पण त्यात पाण्याचा साठा नसल्याने मागणी एकदम वाढली की दाब पडतो. तीन फेऱ्यांच्या धूरनळी बॉयलरमध्ये आग आणि धूर नळ्यांतून फिरतात, भोवती पाणी असते. दूध, कापड, औषधे या धंद्यांना तो पुरतो. टर्बाइन फिरवायचे तर दाब जास्त हवा, तिथे जलनळी बॉयलरच.

चौथा कंडेन्सिंग. धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता परत घेणारा हा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. पण धूर साधारण ५५ अंशांखाली आणता आला तरच तो फळ देतो, म्हणजे बॉयलरला जाणारे पाणी गार हवे. दूध संघात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. तिथे वापरलेल्या वाफेचे झालेले गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, सगळेच बॉयलरला परत येत असेल तर या यंत्राला काम उरत नाही. धुण्यासाठी भरपूर ताजे पाणी तापवायचे असेल, तर जरूर घ्यावा.

आपल्याकडे आणखी एक गॅस आहे : आसवनीतल्या स्पेंट वॉशचा, म्हणजे तिथल्या सांडपाण्याचा. त्यात साठेक टक्के मिथेन असतो, सोबत हायड्रोजन सल्फाइड. हा सल्फाइड काढून न टाकता धूर फार गार केला, तर गंधकाम्ल नळ्या खाऊन टाकते. तिथे कंडेन्सिंगचा मोह नको.

रोज पाहायच्या गोष्टी दोन. धुरात प्राणवायू २ ते ३ टक्के असावा. धुराचे तापमान २० अंश चढले की अंदाजे १ टक्का इंधन वाया गेले समजा. सांगलीच्या पूर्वभागात बोअरचे पाणी जड. नळ्यांवर क्षार बसले की धुराच्या तापमानाचा काटा आधी बोलतो.

खरेदीची ऑर्डर देताना कोणत्या उष्मांकावर, किती लोडवर आणि किती गार पाण्यावर किती टक्के, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.